बदल न करण्याचा नियम

२० जुलै २०२४, शनिवार

नियम घेतला. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, महाराजांसमोर नाही — तेवढं धाडस नाही! — घरी, मनातल्या मनात. चातुर्मास म्हणून आईने पालेभाज्या सोडल्या. राजश्रीने बाहेरचं खाणं सोडलं. शाळेच्या स्टाफरूममधली भजीसुद्धा म्हणे. बायकोला ओळखतो, बघू किती दिवस. आई म्हणाली, "तू काय सोडलास रं?" म्हटलं, "बदल करणं सोडलंय." तिला वाटलं मी चेष्टा करतोय. "सूर्य बुडायच्या आत जेव, तेवढं बास," म्हणाली. ते तर दर चातुर्मासात असतंच. पावणेसहाला डबा उघडायचा, मग मी कुठेही असो.

पण चेष्टा नाही. चार महिने जो काही प्रोग्राम लिहीन तो हॅस्केल या कॉम्प्युटरच्या भाषेत. या भाषेत एखाद्या नावाला एकदा किंमत दिली की दिली. नंतर त्यावर हात फिरवता येत नाही. नवी हवी तर नवी बनवा, जुनी आहे तिथेच राहते. बारा वर्षं मी नेमकं उलटं करून पोट भरलं — एकच डबा, कालचं ओता, आजचं भरा. काल काय होतं ते विचारायचं नाही.

एवढं डोकं कशाला फोडायचं? माझ्या भागीदाराने, मष्णूने, केलं ते पुन्हा होऊ नये म्हणून.

२१ जुलै

दुपारपर्यंत तीन वेळा नियम मोडावासा वाटला.

५ ऑगस्ट

काहीही समजत नाही! हॅस्केलमधली मोनाड नावाची कल्पना म्हणजे काय यावर अकरा लेख वाचले. अकराही जणांना आपल्याला समजलंय असं वाटतं. बेळगावात विचारावं असा एकही माणूस नाही. साधी यादी छापायची तर कंपायलर, म्हणजे प्रोग्राम आधी तपासून घेणारा, दोन पानं चुका सांगतो. जुनी भाषा चूक पोटात घालून पुढे जायची. ही दारातच अडवते. माणूस म्हणून ही भाषा माझ्यासारखीच असणार, हेकट.

आज मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात गेलतो. मारुतीरावांनी विचारलं, "नवं कवा चालू करताय?" त्यांची फाउंड्री. भट्टीतून एकदा लोखंड वितळवून काढलं की ती एक हीट. त्या हीटमधल्या प्रत्येक नगावर तोच नंबर, आणि त्याच नंबरावर धातूच्या तपासणीचा दाखला. नंबर चुकला तर दाखला खोटा. गेल्या वर्षी नेमकं तेच झालं. महिनाभर नंबर चुकत गेले, गिऱ्हाइकाने सगळा माल परत पाठवला. प्रोग्राम आमचा. आमचा म्हणजे मष्णूचा आणि माझा. कॉलेजपासून एका बाकावर, मग उद्यमबागेतल्या ऑफिसात एका टेबलावर.

मी शोधलं. "चालू हीट" नावाचा एकच डबा होता आणि कुणीतरी मध्येच तो बदलत होतं. प्रोग्राममधल्या बदलांच्या नोंदीत त्या बदलापुढे नाव मष्णूचं होतं. कागद छापून मारुतीरावांच्या टेबलावर ठेवला, मष्णू समोर उभा असताना. आप्पा, माझे वडील, जाऊन आठवडा झाला होता, डोकं ठिकाणावर नव्हतं, पण बोललो अगदी ठणठणीत. "मोकळा हात दिला की असं होतं. भाषाच अशी पाहिजे की माणसाला चूक करताच येऊ नये." मष्णू कागदाकडे बघत राहिला. एक शब्द नाही. मला वाटलं, बोलायला तोंडच नाही.

दुसऱ्या दिवशी आला नाही. नंतर मच्छ्यात त्याला कुणी काम दिलं नाही. हल्ली खानापूरला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो म्हणे. एवढा हुशार पोरगा! वाईट वाटतं. पण चूक ती चूक.

१८ ऑगस्ट

मदतीला कुणीतरी पाहिजे म्हणून मुलाखत घेतली. ऋतिका नावाची मुलगी, चिकोडीहून आलेली, चटपटीत. तासभर समजावलं. शेवटी अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, हे शिकून पुढं नोकरी कुठं मिळते?" म्हटलं, विचार करायची पद्धत बदलते. ती म्हणाली, "व्हय सर, पण नोकरी?"

गेली. तिचं काय चुकलं?

२ सप्टेंबर

चाललं! पहिला पूर्ण भाग चालला. आता हीट बंद करायची तर भट्टी रिकामी झाल्याची वेळ द्यावीच लागते. दिली नाही तर प्रोग्राम तयारच होत नाही. "करू नका" अशी पाटी नाही, करायला जागाच ठेवलेली नाही. किती सुंदर! खुर्चीवरून उठून राजश्रीला सांगायला गेलो. ती पेपर तपासत होती. सगळं ऐकून म्हणाली, "छान झालं की. पण अहो, मष्णूभावजींना सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं. मला काय कळतंय?"

खरंच, सहा आठवड्यांत पहिल्यांदा आनंद झाला आणि सांगायला माणूस नव्हता. तो असता तर आधी शिव्या घातल्या असत्या, मग शेजारी खुर्ची ओढून म्हणाला असता, "दाव बघू परत."

१८ सप्टेंबर, क्षमावाणी

पर्युषण पर्व संपलं. सकाळी बस्तीत सगळ्यांना हात जोडले. मग दरवर्षीसारखा मेसेज — "जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा" — मोबाइलमधल्या यच्चयावत लोकांना. गॅसवाला, डेंटिस्ट, सगळे. मष्णूलाही गेला. वगळायचा राहिला की मुद्दाम ठेवला, माझं मलाच ठाऊक नाही. दरवर्षी तो फोन करून म्हणायचा, "क्षमा न्हाय. आधी मिसळ खायला घाल."

यंदा उत्तर आलं, "बरं." एवढंच.

रागच आला थोडा. म्हटलं, माफी मीच मागायची आणि ऐटही ह्याचीच!

९ ऑक्टोबर

मारुतीराव आज स्पष्ट बोलले. "हे बघा, तुमचं तत्त्व बरोबर असंल. पर मला एक रकाना वाढवून पाहिजे हुता, त्याला तुम्ही तीन आठवडे घेतलासा. मष्णू उभ्या उभ्या करून द्यायचा. दिवाळीपतोर चालू करा, न्हाय तर मी पुण्याचा माणूस बघतो."

उभ्या उभ्या. तोच तर रोग होता! म्हणालो नाही. परतताना बसमध्ये हिशोब नको म्हटलं तरी डोक्यात तोच विचार — वर्ष गेलं, भागीदार गेला, हातात एक असली भाषा जी या जिल्ह्यात बहुतेक मी एकटाच बोलतो. अवघड होतं म्हणून ते मोलाचं वाटलं का मला? कठीण गोष्ट जमते याची ऐट, बाकी काही नाही? आप्पा असते तर म्हणाले असते, "अरिहंता, उपास स्वतःसाठी करावा, दुसऱ्याला दाखवायला न्हाय."

२१ ऑक्टोबर

चालू करण्याआधी शेवटचं काम — गेल्या वर्षाच्या सगळ्या जुन्या नोंदी नव्या प्रोग्राममधून घालून बघितल्या. घेतल्या सगळ्या. फक्त एकोणीस हीट नाकारल्या. अर्थात त्याच, परत आलेल्या मालाच्या. जुन्या प्रोग्रामने त्या निमूट घेतल्या होत्या. नव्याने एकेकीचं कारण लिहून दिलं — हीट बंद, पण भट्टी अजून भरलेली.

बघा! हेच सांगत होतो सगळ्यांना.

एकोणीस ओळी छापून घेतल्या. उद्या मारुतीरावांना दाखवायच्या.

२२ ऑक्टोबर

नाही दाखवल्या.

सकाळी चहा घेताना कागद सहज वाचला. एकोणीसच्या एकोणीस हीट संध्याकाळी सहाला बंद. पाच छप्पन्न नाही, सहा दहा नाही. सहा. भट्टी कधी पावणेसातला रिकामी झाली, कधी साडेसातला. पण हीट सहाला बंद आणि पुढचं सगळं पुढच्या नंबरावर.

सहाच का? मष्णू सहा का लिहील? तो रात्री दहाला जेवणारा माणूस. कारखान्यात त्याला आठ वाजले तरी उठवावं लागायचं. सहाला दिवस संपतो असं त्या कारखान्यात कुणाला वाटायचं?

मला. चातुर्मासात. पावणेसहाला डबा, सहाला बाहेर. संध्याकाळची पाळी तेव्हा नुकतीच सुरू झालेली. मला ठाऊक होती, पण मी ती कधी पाहिली नव्हती.

आता आठवतंय. हीट उघडीच राहते, सकाळी निस्तरावं लागतं, अशी मारुतीरावांची तक्रार होती. कुणीतरी घाईघाईने एक ओळ घातली होती — सहा वाजले की चालू हीट बंद कर. कुणीतरी काय, मीच! जेवणाचा डबा शेजारी उघडा होता. लिंबाच्या लोणच्याचा वास आठवतोय!

पण नाव? नाव मष्णूचं कसं?

कारखान्यात एकच कॉम्प्युटर. त्यावर सकाळपासून मष्णूचं लॉगिन उघडं असायचं. मी बसलो तरी नाव त्याचंच लागायचं. हे मला माहीत होतं. कागद छापला तेव्हाही माहीत होतं! मी फक्त नाव वाचलं. वेळ वाचली नाही.

२३ ऑक्टोबर

तरी मन मानेना. आपलं नसावं असंच वाटत होतं. त्या ओळीची तारीख काढली — १८ ऑक्टोबर २०२३, संध्याकाळी पाच बावन्न. तेव्हा आप्पा दवाखान्यात होते. मी कारखाना ते दवाखाना नुसता पळत होतो. त्या दिवशी मष्णू कुठे होता?

आप्पांची दवाखान्याची फाइल आईच्या कपाटात, साड्यांखाली. वर्षभर कुणी उघडली नव्हती. आईने विचारलं, "आता कशाला काढतोस रं ते?" फाइल मांडीवर घेऊन पानं उलटू लागलो. मधेच रक्तपेढीची एक चिठ्ठी. तारीख १८. रक्तदात्याचं नाव मष्णू. वेळ पाच चाळीस.

मी त्याच्या नावावर ओळ लिहीत होतो तेव्हा तो माझ्या बापाला रक्त देत होता.

आईपुढेच रडलो. तिला वाटलं आप्पांची आठवण आली. पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मी तिला खरं सांगितलं नाही.

२४ ऑक्टोबर

फोन तीनदा हातात घेतला. उचलला तर काय म्हणू?

किती अभिमान होता — माणसाला चूक करताच येणार नाही असं लिहिणार! कुणाची चूक? तीन महिने मोनाड घोटले, कंपायलरच्या शिव्या खाल्ल्या, नियम पाळला, सगळं मष्णूसारख्या माणसाला आवरायला. आणि ही अवघड भाषा शिकून कुणाला पकडलं, तर मला. शिकण्यासारखी आहे का ही? आहे. जुन्या भाषेत मी मरेपर्यंत निर्दोष राहिलो असतो.

पण एवढं शिकायची गरजच नव्हती. त्या दिवशी त्याला नुसतं विचारायचं होतं, "मष्णू, हे तू केलंस का?" तेवढं मराठी मला येत होतं.

२५ ऑक्टोबर

मारुतीरावांना सांगितलं. एकोणीस ओळी आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली, त्याच जागी. त्यांनी दोन्ही कागद वाचले. मग म्हणाले, "म्हंजे वरीसभर त्या पोराच्या नावानं आम्ही..." पुढे म्हणाले, "मला काय सांगताय? जावा, त्याला सांगा." मच्छ्यात ज्यांना ज्यांना तो बदनाम झालेला ठाऊक होता त्यांना मी स्वतः जाऊन सांगेन, असं कबूल केलं. दोघांना आजच सांगितलं. एक जण म्हणाला, "असं व्हय?" आणि कामाला लागला. बदनामी व्हायला एक दुपार पुरली होती.

२७ ऑक्टोबर, रविवार

खानापूरला गेलो. मष्णू दुकानात कुणाचा तरी पीक विम्याचा फॉर्म भरत होता. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्याने मान वर केली नाही. फॉर्म पुरा केला, माणसाला पावती दिली, मग म्हणाला, "ठावं हुतं मला. कागद दावलास तवाच. सा वाजता जेवून कोण उठतंय, हे मला ठावं न्हाय व्हय?"

"मग बोलला का नाहीस?"

"आप्पा जाऊन आठ दिस झालते रं. तवा तुला काय बोलू?"