बक्षीस समारंभाची खुर्ची हिरवळीवर न ठेवण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग.

विषय : घरच्या फवाऱ्यांचे पाणी रस्त्यातील चेंबरमधून तातडीने बंद करणे व समारंभ अन्यत्र घेणेबाबत.

संदर्भ : आपले अभिनंदनपत्र, त्याआधीचे अर्जदाराचे सर्व अर्ज (उत्तर एकच).

महोदय,

१. ‘पाणी वाचवणारे आदर्श घर’ म्हणून आपण अर्जदाराच्या घराची निवड केलीत, याबद्दल अर्जदार, त्याची पत्नी व आई ऋणी आहेत. हिरवळ सर्वांत हिरवी आणि मीटर सर्वांत स्थिर, असे आपल्या पत्रात म्हटले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तक्रार त्याचीच आहे.

२. फवाऱ्यांची जोडणी आपल्याच विभागाच्या फिटरने केली. मीटरच्या पुढे खडक लागला म्हणून त्याने पाइप मीटरच्या अलीकडून, रस्त्याच्या बाजूने फिरवून घेतला. त्यामुळे फवाऱ्यांचे पाणी मीटरच्या गावीही नसते, आणि ते बंद करण्याचा व्हॉल्व्ह आपल्या कुलूपबंद चेंबरमध्ये आहे. हे पहिल्याच अर्जात कळवले होते. मीटर फिरत नसल्याने पाणीवापर नाही, सबब गळती संभवत नाही, असे उत्तर आले.

३. अर्जदार फवाऱ्यांची देखभाल मनापासून करतो. नोझलमधली माती काढतो, जाळ्या धुतो, वाकडी तोंडे सरळ करतो. तरी उन्हाळ्यापासून फवारे बुटके होत गेले. आता ते नुसते थुंकल्यासारखे करतात. नोझल स्वच्छ आहेत. म्हणजे पाणी वर येण्याऐवजी दुसरीकडे जाते आहे. फिटरला बोलावले, तर त्याने मीटरच्या काचेवर बोट आपटून सांगितले, “काटा हलत नाही ना? मग निवांत झोपा.”

४. झोपेविषयी नम्रपणे नमूद करावेसे वाटते की, आईची खोली हिरवळीला लागून आहे आणि तिच्या पलंगाखालून पाणी वाहताना ऐकू येते. फरशीवर औषधाची बाटली आडवी ठेवली तर ती कोपऱ्याकडे चालू लागते. पूर्वी जरा विचार करायची, आता करत नाही. दार आधी उघडत नव्हते, हल्ली लागत नाही. पत्नीने सासूबाईंना पुढच्या खोलीत नेण्यासाठी जंग जंग पछाडले. आई म्हणते, “आधी त्या पाण्याला जायला सांग. घर माझं आहे.” पाणी आईचे ऐकत नाही, आई आमचे.

५. काल आपली माणसे समारंभाच्या तालमीसाठी आली. नको नको म्हणत असताना त्यांनी हिरवळीच्या मध्यभागी आपली लाकडी खुर्ची मांडली आणि आपल्या वजनाचा अंदाज म्हणून तिच्यावर सन्मानचिन्हांची पेटी ठेवली. “फुकटचा मान मिळतोय, तरी रडगाणं आहेच,” असा शेराही मारला. पत्नी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा खुर्चीच्या जागी खुर्चीएवढे भोक होते. कडेचे गवत टवटवीत होते. खुर्ची अर्जदाराने लपवली, असे त्यांचे म्हणणे आहे. अर्जदाराने लपवलेली नाही. ती कुठे आहे हे मात्र त्याला ठाऊक आहे, कारण आज सकाळपासून आईच्या पलंगाखाली पाण्याच्या आवाजात लाकूड आपटल्याचा आवाज मिसळला आहे.

६. तरी कृपया चेंबर उघडून व्हॉल्व्ह बंद करावा, म्हणजे आई उठेल. भोकावर सतरंजी अंथरून दुसरी खुर्ची ठेवण्याचा आपल्या माणसांचा बेत आहे. आपण तीवर बसू नये.

उत्तराच्या नव्हे, आपल्या फिटरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,

आपला नम्र,
(सही)
अर्जदार, आदर्श घर
दिनांक : समारंभाच्या आदल्या दिवशीची दुपार

सोबत : औषधाची बाटली (रिकामी, सपाट टेबलावर ठेवल्यास निरुपद्रवी).

ता. क. : पलंगाखालचा आवाज आत्ताच एकदम थांबला. आपण चेंबर उघडला असल्यास अर्जदार जन्मभर उपकार विसरणार नाही. उघडला नसल्यास, अर्ज इथेच ठेवून तो आईच्या खोलीकडे