माझ्या वाटचं मागणं

नरेंद्रदादा,

तुला रजा मिळत नाही, म्हणून हे पत्र टाकणार नाही.

मिल बंद झाली आणि बाबांनी अंथरूणच धरलं. आता श्वासही पुरत नाही. शेजारच्या मार्था आंटी रोज संध्याकाळी येऊन उशाशी येशूची प्रार्थना करतात. मी बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून गप्प बसते.

एकदा आंटींनी विचारलं, "बेटा, तू कुछ नहीं माँगती?"

म्हटलं, आमच्यात मागायचं नसतं आंटी, सगळ्यांचं भलं चिंतायचं.

"ठीक है. तेरे हिस्से का भी मैं माँग लेती हूँ."

धम्म मानणारी असूनही मला त्याचा केवढा आधार होता, दादा.

आज बाबांचा श्वास अगदीच मंदावला, तेव्हा आंटींनी त्यांचा हात धरला आणि माझ्या मेणबत्तीकडे बघत बसल्या. काहीच मागितलं नाही.

तुझी,
धम्मदीना