पाठीवरच्या पाकळ्या

माय, नातू आत्ताच झोपला म्हणून लिहाले बसली. तू गेली तवा ह्याच्या बापाले मिसरूड फुटत होतं, अन् आता हा आपल्या शेडमधी झेंडूच्या ढिगात बसून मूठमूठ पाकळ्या तोंडात कोंबते. सून चिडते, मी हसतो. खालचे दोन दात आले त्याले, हसला की फक्त तेच दिसतात. त्याच्या पायी माहा दिवस कवा उगवते अन् कवा मावळते, समजत नाही. लिहाची सवय राह्यली नाही. चौथीतून तूच मले काढलं, हार ओवाले हात कमी पडत होते म्हणून. तवा कुठं चुकलं तं तूच समजून घे. नातवाचं एवढं लांबण लावून राहिली ते यासाठी, की पुढचं सांगाची लाज वाटते.

तुह्या दोन चटया तुले आठवत असतीन. समोरची देवाची, मागची मयताची. जिले कावळा शिवला ते बाई सकाळी आली की मुकाट्यानं मागच्या चटईवर जाऊन बसे अन् मयताचे हार ओवे. मयताले विटाळ होत नाही, असं तू म्हणे. तू कोणाले विचारत नव्हती, कोणी तुले सांगत नव्हतं. अकोल्याहून, सासरहून मी परत आली, मंग तू गेली, धंदा माह्याकडं आला, तरी चटया मी तशाच ठेवल्या. एकच गोष्ट बंद केली. सांजच्याला बाया घरी निघाल्या की तू दारात उभी राहून एकेकीले फिरवे. "थांब वं, पाकळ्या लागल्या," म्हणे, अन् पाठीपासून खालपर्यंत लुगडं झटकून मंगच जाऊ दे. मले ते म्हातारपणाचं खूळ वाटे. बायाही उशीर होते म्हणून कुरकुर करत. तू गेल्यावर मी म्हटलं, जा बाप्पा, आपापल्या पाकळ्या आपापल्या घरी झटका.

आता ज्या बाईचं सांगतो ते तू पाह्यली नाही. माहेर बाळापूरचं म्हणून आमी तिले बाळापूरवालीच म्हणतो. राहते बडनेऱ्याले. लहानपणीच तिचे डोळे गेले, उजेड-अंधारही कळत नाही. ऑटोनं येते, ऑटो सोडते तिथून काठी टेकत शेडपर्यंत. तोंडाची मोठी तिखट. एकदा एक गिऱ्हाईक म्हणे, "इले दिसत नाही, मंग हार कसा ओवते?" ते म्हणाली, "भाऊ, हार देवाले पाह्याचा आहे, मले कायले?" पुरी चटई हसली. किती वर्षं झाली तिले आपल्याकडं, हात कवा थांबलेला मी पाह्यला नाही.

मागच्या वर्षापासून तिची पाळी जायचं सुरू झालं. महिने महिने पत्ता नसे, अन् आली की थांबे ना. ओवता ओवता मधातच अंगातून वाफ निघे, कानशिलं लाल होत, पोलकं पिळून घ्यावं असं भिजे. "काकू, माह्या पोटात कोणी चूल पेटवली वो," म्हणे, अन् आमी हसत. आमचंही तसंच गेलं होतं. आमी आडोशाले जाऊन कपडा पाहून घेतला अन् निभावलं. तिले कपडा पाहता येत नाही. ओलं लागलं तं घाम आहे की दुसरं काही, तिनं कसं ओळखावं? हे माह्या ध्यानात आलंच नाही, असं मी म्हणू शकतो. पण आलं होतं, माय. आलं होतं अन् मी बाजूला सारलं होतं.

दसऱ्याचा आदला दिवस होता. शेडमधी पाय ठेवाले जागा नाही, चांदूर रेल्वेची शेवंती अजून पोत्यातच पडलेली. ते देवाच्या चटईवर बसून सकाळपासून ओवत होती, तिच्या पुढची टोपली काठोकाठ भरली होती. पाणी प्याले म्हणून उठली, अन् मागून तिचं फिकं लुगडं आमी साऱ्यांनी पाह्यलं. डोळस बायांचं एक बरं असते, डोळ्यानंच बोलता येते. एकीनं मले भुवई उडवून विचारलं, सांगू का? मी मान हलवली, नको. सांगितलं असतं तं अख्खी टोपली मयतात गेली असती, अन् गिऱ्हाइकं दारात उभी. ते परत येऊन बसली. जरा वेळानं म्हणे, "आज एवढ्या चुप कावून आहा वो साऱ्या? कोण मेलं?" कोणीच हसलं नाही. सांजच्याला ते भर बाजारातून, काठी टेकत, तशीच ऑटोपर्यंत गेली. ऑटोवाल्यानं सीटवर पेपर अंथरला अन् म्हणे, "मावशी, यावर बसा." तवा तिले कळलं. ते हार मी विकले. लोकांच्या देवायच्या गळ्यात गेले.

मंग रोज ते आपणहून मागच्या चटईवर बसू लागली. पाळी असो, नसो. कवा येईल ते आपल्याले दिसत नाही, म्हणून रोजच मयताचे हार. तिथं टिन डोक्यावर तापते, पंख्याचा वारा पोचत नाही. अंगात चूल पेटे तवा ते नुसती पदर तोंडाले लावून बसून राहे. अन् मी तसं चालू दिलं, मले ते सोयीचं होतं. एक दिवस म्हणे, "काकू, दिवाळी झाली की मी घरीच बसतो."

"कावून वं? काय झालं?"

"मले दिसत नाही काकू. तुमाले तं दिसते."

तिनंच पुढं सांगितलं, "घरी मले कोण विचारते? इथं चार बाया बोलतात, हाताले काम आहे. पण पुन्हा तसं ऑटोत बसाची माही हिंमत नाही."

दुसऱ्या दिवशी नातवाले ढिगातून उचललं अन् त्याच्या ढुंगणाच्या पाकळ्या झटकल्या, तं हात ओला झाला. अन् तुहा हात आठवला मले. तू पाकळ्या झटकतच नव्हती. एकदा दारात एकीले तू म्हटलं होतं, "लुगडं फाटलं वं तुहं, हे माहं गुंडाळून जा," अन् खुंटीवरचं तुहं लुगडं तिले दिलं. मी नंतर म्हटलं, माय, तिचं तं धड होतं. तू माह्याकडं नुसतं पाह्यलं अन् म्हणाली, "आपली पाठ आपल्याले कवाच दिसत नाही." मले वाटलं होतं, काही देवाधर्माचं बोलून राहिली. तुहं ते वय आलं तवा पौषाच्या थंडीत तू नळाखाली डोकं धरे, मले आठवते. तवा तुही पाठ कोण झटके? मी तं नाही झटकली.

त्याच सांजेले मी दारात उभी राह्यली अन् तिले म्हटलं, "थांब वं, पाकळ्या लागल्या." ते फिरली नाही. म्हणे, "काकू, आज दिवसभर मी निशिगंध ओवला. त्याच्या पाकळ्या कुठून झडतीन? लुगड्याले काही असन तं सरळ सांगत जा. मले नुसतं झटकू नका." तुही रीत मले जरा उशिरानं कळली, अन् कळली तवा कामाची नव्हती. मी तिच्या मागं जाऊन पाह्यलं. अन् म्हटलं, "काही नाही, साफ आहे." ते म्हणे, "हे एवढंच तं पाहिजे होतं."

आता ते समोर बसते, पंखा तिच्या अंगाले लावून. घाबरं झालं की उठते, दारात हवेले उभी राहते, कोणी काही म्हणत नाही. सून तिले डॉक्टरणीकडं घेऊन गेली, अंगात रक्त कमी आहे म्हणे, गोळ्या चालू आहेत. खुंटीवर एक काळं लुगडं टांगून ठेवलं. तासाभरानं तिनं नुसतं "काकू?" म्हटलं की मी मोठ्यानं सांगतो, डाग आहे की नाही. बाकीच्या बाया लाजतात, मीही लाजतो, पण सांगतो. दिवाळी होऊन गेली, ते आहे.

काल सकाळी येऊनच म्हणे, "आजपासून मी बाहेरची आहे. मागं जाऊ?" मी म्हटलं, "पंखा सोडून कुठं जातं, बस तिथंच." दिवसभर तिनं शेवंती ओवली. त्यातला एक हार मी घरी आणला अन् तुह्या फोटोले घातला. आपल्या देव्हाऱ्यातल्या देवाले मात्र घातला नाही, माय. लोकांच्या देवाले घालू देताना भ्याली नव्हती, अन् माह्या देवाले भेतो. पहिले तुले घालून पाह्यला, तू काही बोलणार नाहीस म्हणून.