फुफ्फुसाचा दुसरा तुकडा

तीर्थरूप बाबा,
पाया पडते. मी मजेत आहे आणि वेळेवर जेवते, हे आधी आईला सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

इथे एका मोठ्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या पटापट मरतायत. मालक म्हणतो, उन्हाने. मेलेल्या कोंबडीच्या फुफ्फुसाचा तुकडा गोठवून कुटायचा आणि त्यातून आरएनए वेगळा काढायचा, हे माझं काम. रोग कोणता ते त्यावरून कळतं. पण आरएनए भारी नाजूक. जरा ऊब लागली, उघडं बोट लागलं, की नासला.

माझा दर वेळी नासायचा. "तुझ्या हातालाच वळण नाही," आमच्या प्रयोगशाळेचे सर म्हणायचे. मलाही ते पटायला लागलं होतं. मग एकदा तो मालक सरांच्या खोलीतून हसत बाहेर पडताना दिसला आणि मनात पाल चुकचुकली.

पुढच्या वेळी मी गुपचूप दोन तुकडे केले. एक आमच्या फ्रीजरमध्ये ठेवला, दुसरा मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत. आमच्याकडचा नासला. तिच्याकडच्यातून माझ्या याच हातांनी स्वच्छ आरएनए निघाला, आणि त्यात बर्ड फ्लू सापडला.

आज सकाळी मी तो निकाल थेट सरकारी पशुवैद्यांच्या हातात दिला. पोल्ट्री बंद करायला माणसं निघालीसुद्धा. दुपारी सर स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आले.

"काय गं, आणखी कुठे तुकडा ठेवलायस का?"

"नाही सर," म्हटलं. तिसरा कुठे आहे ते तुम्हालाही सांगत नाही. चहा मोरीत ओतला.

फोनवर यातलं काही विचारू नका.

तुमची,
चिमणी