डिपेंडंट होण्याआधीची निरवानिरव

मी, देविका गिरीश खांबेटे, वय बावीस, नोकरी ट्रेडिंग इस्टेटमधल्या गोदामात, राहणार स्लाऊ, इंग्लंड, स्टेशनमागच्या गल्लीत वरच्या मजल्यावरची मागची खोली, हा कागद स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही भरीला न घालता लिहिते आहे. डोकं तापलेलं आहे, हे कबूल. पण तापलेलं डोकं म्हणजे फिरलेलं डोकं नव्हे, एवढं कायद्याने मान्य करावं. कायद्याचं शिक्षण मी दुसऱ्या वर्षात अर्ध्यावर सोडलं, त्यामुळे चुका असतील. त्या माझ्याच समजाव्यात.

मला आजार नाही. तरी हे लिहायचं कारण असं की येत्या शनिवारी, १६ ऑगस्टला सकाळी अकरा वाजता, स्लाऊच्या रजिस्ट्रारसमोर माझं अपूर्व दाबके याच्याशी लग्न आहे. ऑक्टोबरात तो न्यू जर्सीत नोकरीवर हजर होईल, एच-वन व्हिसावर. मी त्याच्यामागून एच-फोरवर, म्हणजे त्याची डिपेंडंट म्हणून. एच-फोरवर नोकरी करायला मनाई आहे. डिसेंबरात नाशिकला विधी होतील, आणि ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं जाईल. नाव अपूर्वच्या आईंनी ठरवून ठेवलं आहे, अनुराधा. अनुराधा अपूर्व दाबके. तिन्ही शब्द नवे. त्यानंतर देविका गिरीश खांबेटे नावाचं कोणी उरत नाही. म्हणजे ती गेलीच, आणि गेलेल्या माणसाच्या वस्तूंची सोय लावावी लागते.

कलम १. ही सोय लावण्याचं काम अक्षयाकडे. ती माझ्या शेजारच्या खोलीत राहते, माझ्याच शिफ्टला असते, आणि अपूर्वच्या गोड बोलण्याने विरघळत नाही. मी विरघळते.

कलम २. माझे सेफ्टी बूट अक्षयाला. डाव्याची टाच गेली आहे. सुपरवायझर नवे देणार नाही, कारण बायकांच्या मापाचे 'मागवावे लागतात'. मागव म्हणावं. तिसऱ्यांदा मागितलेस की तो लाजतो.

कलम ३. बाबांना, म्हणजे डॉ. गिरीश खांबेटे यांना, काही नाही. अकराव्या वर्षी या देशात आल्यापासून शाळेतल्या पोरी मला हसायच्या, "तुझं मिडल नेम गिरीश? दॅट्स अ बॉय!" तरी मी ते नाव कधी लपवलं नाही. आणि परवा बाबा मला म्हणाले, "अपूर्व चांगला मुलगा आहे, तुला नीट सांभाळेल." बाबा, मी दिवसाला आठशे खोकी सांभाळते. मला सांभाळण्याची वेळ कोणावर आलेली नाही.

कलम ४. आईला तिचं ओळखपत्र परत. पुण्याच्या कॉलेजचं, 'प्रा. सुप्रभा खांबेटे, वनस्पतिशास्त्र', फोटोत दोन वेण्या. इथे आलो त्या वर्षी तिने ते मला खेळायला दिलं होतं, कारण तिला त्याचा काही उपयोग राहिला नव्हता. बाबांना हॉस्पिटलात नोकरी होती, आईच्या पासपोर्टवर 'डिपेंडंट' असा शिक्का होता. मी कॉलेज सोडलं तेव्हा ती माझ्याशी दीड महिना बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "मी सोडलं तेव्हा मला कोणी विचारलंच नव्हतं. तुझ्या तर मी पाया पडले होते."

हे मृत्युपत्र मराठीत असण्याचं कारण ती आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तिने ते नुसतं वाचलं असतं.

कलम ५. माझा निबंध. हाताने लिहिलेला, शेवटचा परिच्छेद नसलेला, कधीच न दिलेला. विषय अमेरिकेच्या राज्यघटनेचा. स्त्री की पुरुष यावरून कोणाचे हक्क कमी होणार नाहीत, असं एक वाक्य तिथल्या घटनेत घालायचं होतं. काँग्रेसने ते १९७२ साली मंजूर केलं. अडतीस राज्यांची संमती हवी होती. मुदत वाढवून दिली, तरी पस्तिसाच्या पुढे गाडी गेली नाही, आणि मुदत संपली. ज्या देशाकडे बोट दाखवून आमचे सगळे काका म्हणतात, "तिकडे काय, बायकांचंच राज्य!", तिथे हे एक वाक्य अजून नाही. मागच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका बाईला सांगितलं की तुला पुरुषांपेक्षा कमी पगार मिळतो, ही तक्रार एकशेऐंशी दिवसांत करायला हवी होती. तिला ते कळलंच मुळी कित्येक वर्षांनी.

हे सगळं मी अपूर्वला लायब्ररीच्या गच्चीवर बसून तावातावाने सांगितलं. तो सामोसा खात होता. म्हणाला, "एका वाक्यासाठी एवढं? वाक्य नाही म्हणून तिकडच्या बायकांचं काय अडलंय?"

मी त्याचा फोन खाली फेकला.

तेव्हा हा निबंध माझ्या मावसबहिणीला, निधीला, मुक्काम न्यू जर्सी. ती पुण्याची कॉम्प्युटर इंजिनिअर. चार वर्षं एच-फोरवर आहे. नवरा कुशल. मागच्या रविवारी फोनवर म्हणाली, "कुशल वाईट नाही गं. वाईट असता तर सोपं झालं असतं. रोज घरी आला की प्रेमाने विचारतो, आज काय केलंस? मी सांगते, आमटी."

"पण अपूर्व म्हणतो दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे. ग्रीन कार्ड आलं की झालं."

"हो का? आमची दोन-तीन वर्षं चार वर्षं चाललीयेत."

शेवटचा परिच्छेद निधीने लिहावा. खात्यात माझं जे काही शिल्लक असेल तेही तिला, आणि तिच्या एकटीच्या नावावर.

कलम ६. अपूर्वला माझा फोन. त्याचा मी फोडला म्हणून. त्यात त्याचे सगळे मेसेज आहेत, 'जेवलीस का' हा एकच एकशेचाळीस वेळा. तो फसवणारा नाही. मला कॉलेज सोड असं तो कधी म्हणाला नाही. फक्त एकदा माझी पुस्तकं उचलून ठेवताना म्हणाला, "तिकडे हे इंग्लंडचे कायदे कशाला लागणार गं?" आणि मी दुसऱ्या दिवशी जाऊन नाव काढून आले. इतकी मी त्याच्यात होते. अजून आहे. त्याच्या मानेवरचा तीळ मला कोणाच्या नावे करता येत नाही, नाहीतर स्वतःच्याच केला असता.

नावावरून भांडलो ते काल, सोमवारी. नाव बदलायचा फॉर्म त्याने भरूनच आणला होता, फक्त सही माझी हवी होती.

"देविका काय वाईट आहे?"

"वाईट नाही गं. आईची हौस आहे. पद्धत असते."

"मग तू पण बदल. हौस म्हणून."

तो हसला. त्याला खरंच विनोद वाटला. ओरडला असता तर मीही ओरडून मोकळी झाले असते. तेव्हापासून पाय एका जागी ठरत नाहीत. गोदामात दोनदा चुकीच्या रांगेत खोकी लावली.

इथवरचं मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत लिहिलं. काल, बुधवारी, साक्षीदाराची सही घ्यायला मधुमतीताईंकडे गेले. त्या हाय स्ट्रीटवर एका सॉलिसिटरच्या ऑफिसात पंचवीस वर्षं टायपिंग करतात, आणि इथल्या मराठी मंडळात सगळ्यांचे फॉर्म भरून देतात. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. कलम ४ दोनदा वाचलं.

"अक्षयाची सही चालणार नाही. बूट देतेस ना तिला? ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नाही. नाहीतर बूट जातील."

"बरं. दुसरं कोणी बघते."

"आणि लग्न शनिवारी ना? मग हे रजिस्ट्रारसमोर तू सही केलीस की रद्द."

"रद्द म्हणजे?"

"लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र आपोआप संपतं, इंग्लंडात. शिकवलं नाही वाटतं तुला?"

शिकवणार होते. पुढच्या टर्मला.

मी खुर्चीत बसूनच राहिले. लग्नानंतर देविका राहणार नाही म्हणून मी हे लिहिलं, आणि लग्न झालं की हे लिहिलेलंही राहणार नाही. ताईंनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

"अगं, उपाय आहे की. एक वाक्य घाल. 'अपूर्व दाबके याच्याशी होणारा विवाह ध्यानात घेऊन हे लिहिले असून त्या विवाहाने ते रद्द होऊ नये.' मग टिकतं. पोरी घालतात."

पेन हातात होतं. एकच वाक्य. मी विचारलं, "ताई, नाही घातलं तर?"

"नाही घातलं, तर लग्न होईपर्यंत टिकेल." त्यांनी चष्मा काढला. "किती दिवस टिकवायचं ते तू बघ."

कलम ७, आणि शेवटचं. ते वाक्य मी घालत नाही.

शनिवारी अकरा वाजता मी रजिस्ट्रारसमोर नसेन. हे अपूर्वला हा कागद वाचून कळू नये, म्हणून आज संध्याकाळी त्याच्या ऑफिसखाली उभी राहून मी स्वतः सांगणार आहे, आणि त्याचा नवा फोन फेकणार नाही. सोमवारी सकाळी कॉलेजात जाऊन नाव परत घालता येतं का विचारेन. ते नाही म्हणतील. पुन्हा विचारेन. तिसऱ्यांदा विचारलं की लोक लाजतात, हे मी बुटांवरून शिकले.

अपूर्व, मी लग्नाला नाही म्हटलेलं नाही. फॉर्मवर देविका गिरीश खांबेटे लिहून आण, आणि जिथे तुझ्याइतकंच मलाही काम करता येईल अशा गावाचं नाव सांग. अमेरिकाच हवी असेल तर तीही चालेल, फक्त मला तुझ्या मागून यायला लावू नकोस. त्या दिवशी मी सही करीन आणि हा कागद मरेल, आणि मला त्याचं जराही वाईट वाटणार नाही. तोपर्यंत कागद जिवंत आहे.

मीही आहे. तेव्हा अक्षया, बूट इतक्यात मिळणार नाहीत. तुझे तू माग.

हे सर्व मी दोघा साक्षीदारांदेखत सही करून पुरं केलं. दोघांना यातून काही मिळत नाही. ताईंनी पाणी दिलं, ते मी देणं लागते.

देविका गिरीश खांबेटे

साक्षीदार:
१. मधुमती विष्णू आगरकर, टायपिस्ट, स्लाऊ
२. रघुवीर सोमण, ताईंच्या ऑफिसखालचे किराणा दुकानदार. कागद न वाचता सही केली. "लग्नाचा आहे का? अभिनंदन!" म्हणाले.

स्थळ: स्लाऊ
गुरुवार, १४ ऑगस्ट २००८, दुपारी