बाकांखालचा केर

मुला,

चर्चमागच्या खोलीतून धाडलेलं तुझं पत्र अक्षरं लावत वाचलं. सहनशीलता, सौम्यता, इंद्रियदमन, सगळं अंगी आलं म्हणे, आता घरी यायचंय! दारू सोडल्याची शपथ तीनदा घेतलीस, तिन्ही वेळा मी फसले. तुझ्या पोरीला चौथ्यांदा रडू देणार नाही.

पाळकसाहेब म्हणाले, "आजी, तो दर शनिवारी चर्च झाडतो."

मी म्हटलं, "बघणारे असतील."

म्हणून काल गुपचूप खिडकीतून पाहिलं. आत चिटपाखरू नव्हतं. तू एकेक बाक सरकवून खालचा केर काढत होतास.

हे पत्र धाडणार नाही. आई बघते हे कळलं, की तू माझ्यासाठी झाडशील. अजून चार शनिवार नुसतं देवासाठी झाड. मग पोरीला मीच सांगेन, बाप येतोय.

अजून पुरती न पटलेली,
तुझी आई