हलकी रायफल, पक्की बैठक

२ फेब्रुवारी
नवी रायफल आली. पिसासारखी. हेदर म्हणाली, रायफलीऐवजी स्वतःचं पोट हलकं केलं असतंस तर. बायकोला यंत्रातलं कळत नाही. एप्रिलमध्ये हरणांचे नर माजावर येऊन डरकाळ्या फोडू लागले की बाबांना डोंगरावर न्यायचं. टे आनाऊ गावातला डॉक्टर म्हणतो, त्यांच्या फुप्फुसांना ही शेवटचीच शिकार झेपेल. निश्चय: बाबांना ओझं नको. दोघांत एकच रायफल, माझी.

९ फेब्रुवारी
नेमबाजी. पहिली गोळी बरोब्बर मध्यात. पुढच्या उजवीकडे सरकत गेल्या. वारा. फ्लोराताई म्हणाली, पानसुद्धा हलत नव्हतं. ताईला मेंढ्या कळतात.

१५ फेब्रुवारी
वारा नसावा. लाकडी दस्त्यात रायफलीच्या नळीची बैठक ढिली आहे. खाचेत इपॉक्सी गोंद ओतून मीच पक्की करणार.

१६ फेब्रुवारी, सकाळी
बैठक पक्की झाली. जरा जास्तच. रायफल दस्त्यातून निघत नाही. आधी धातूला मेण लावायचं असतं, हे सूचनांच्या मागच्या पानावर होतं. पान उलटायला हात चिकट होते.

त्याच दिवशी, संध्याकाळी
फ्रीजरमध्ये ठेवली, म्हणजे आकसून सुटेल. हेदर म्हणाली, आज मटारशेजारी, उद्या अंथरुणात घेशील. सुटली. दस्त्याचा टवका गेला. वजन आणखी कमी.

८ मार्च
मॅगझिनमध्येही हलकी स्प्रिंग टाकली. कधीकधी दुसरी गोळी वर येत नाही. सरावाने येईल. नेम समाधानकारक, निदान सुरुवातीला. पुढचं पाहिलं नाही. एका हरणाला इतक्या गोळ्या कोण मारतो?

४ एप्रिल, डोंगरावरची झोपडी
बाबा थांबत थांबत, पण पोचले. समोरच्या उतारावर मोठा नर. बाबा कुजबुजले, तू मार, ॲली, मला धाप लागलीय. पण जवळ येऊ दे त्याला. मी थांबलो नाही. गोळी मागच्या पायात बसली. दुसरी वर आलीच नाही. बाबा म्हणत होते, मार रे, मार ना लवकर! मी गोळी चढवायचा बोल्ट खडखडवत राहिलो. नर लंगडत रानात शिरला. अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढला. बाबा खोकत मागून येत होते. जेवले नाहीत.
थंडीने स्प्रिंग आखडली असणार.

५ एप्रिल
बाबांना पुन्हा शोधायला जायचं होतं. दारापर्यंतच दम लागला. उतरलो. गाडीत एवढंच विचारलं, अजून जिवंत असेल का रे? मी म्हटलं, छे, केव्हाच संपला असेल. हे मला नक्की माहीत आहे.

११ एप्रिल
ताईचा फोन. तिचं शेत त्याच डोंगराच्या पायथ्याशी. कुंपणापाशी नर सापडला. पाय सडलेला, जिवंत. तिने एका गोळीत सोडवला त्याला. बाबा तिच्या ट्रकमध्ये होते. परतल्यापासून रोज तिला कुंपणाकडेने फिरवत होते म्हणे. मला कोणीच सांगितलं नव्हतं.

१२ एप्रिल
बाबांना फोन केला. स्प्रिंगचं समजावून सांगितलं. बैठकीचंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, रविवारी ताईकडे जेवायला ये. मी विचारलं, काही घेऊन येऊ का?
म्हणाले, नको. हात हलवत ये.